आठ दिवस आधीची पंगत

इंदूअक्का कुठल्याच कार्यक्रमाला उशिरा पोचल्या नाहीत, कारण त्या आठ दिवस आधीच तिथे जाऊन बसलेल्या असायच्या. मनानं. शरीर जळगावातल्या मेहरूणच्या स्वयंपाकघरात, हातात झारा, डोळे मिटलेले आणि स्वतः मात्र पुढच्या रविवारच्या सतरंजीवर. मला हे समजायला दोन वर्षं लागली. तोवर मी त्यांना तळता तळता झोपणारी बाई समजत होते.

मी शैला, धुळ्याची. लग्न होऊन जळगावात आले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या घरात राहू लागले. आमची आणि अक्कांची गच्ची एकमेकींना चिकटलेली, मधे गुडघाभर कठडा. धुळ्याची माणसं जळगावकरांना उगाच नावं ठेवतात, मीही ठेवत आले होते. ती सवय अक्कांनी मोडली, आणि तीही एक शब्द न बोलता, नुसत्या केळीच्या वेफरनं.

पहिल्या मे महिन्यात त्या गच्चीवर बिबडे थापत होत्या. बिबडे म्हणजे भिजवून आंबवलेल्या ज्वारीचे, शिजवून ओल्या फडक्यावर थापलेले, तीळ-लसणाचे पापड. ऊन असं की गच्चीवर अनवाणी पाय ठेवला तर उचलून धरावा लागे. मी कठडा ओलांडून मदतीला गेले. अक्कांनी एक बिबडा थापला आणि तलावाकडे बघत थांबल्या. हातावरचं पीठ वाळायला लागलं तरी हलेनात.

"अक्का, काय बघता?"

"आबाना हातमा बिबडा शे," त्या म्हणाल्या, "नि दात नही त्याले. आते कसा खाई तो?"

मी इकडेतिकडे पाहिलं. गच्चीवर आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं. नंतर कळलं की आबा म्हणजे त्यांचे धरणगावचे थोरले भाऊ, आणि अक्का ज्या दिवसात उभ्या होत्या तो डिसेंबरातला होता, भावाच्या शेतातल्या भरीत पार्टीचा. अजून सात महिने होते. अक्कांनी मग सहा बिबडे अगदी पातळ थापले, वेगळ्या फडक्यावर वाळवले आणि डिसेंबरात आबांनी ते खाल्ले. मी तिथे होते. आबांनी ते तोंडात नुसते धरून विरघळवले.

खानदेशात थंडी पडली की भरिताच्या पार्ट्या होतात हे सांगायला नको. शेतात कापसाच्या वाळल्या काड्या पेटवायच्या, त्यावर हातभर लांब हिरवी वांगी भाजायची, ती मोठ्या लाकडी भांड्यात ठेचायची. याला वेळ लागतो. माणसं मात्र अकरालाच येऊन बसतात. या मधल्या दोन तासांच्या सम्राज्ञी इंदूअक्का होत्या. वेफर, लसणाची शेव, चिवडा, बिबडे, उकडलेल्या डाळीचे फुणके, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. दीडशे माणसांचं सगळं आठवडाभर आधी करून डब्यांत भरलेलं. कोणी कौतुक केलं की म्हणायच्या, "पार्टी तर मागच्या आठवड्यातच झाली. आज तुम्ही नुसते खायला आलात."

त्यांना वजनकाटा माहीत नव्हता. कानावर काम चालायचं. कच्ची केळी सोलून, किसणी कढईवर आडवी धरून त्या चकत्या थेट तेलात पाडायच्या आणि डोळे मिटायच्या. तेल आधी खूप गलका करतं. केळ्यातलं पाणी संपत आलं की गलका कमी कमी होत जातो. अक्का त्याची वाट बघत बसायच्या. मला ऐकू येणारं सगळं सारखंच वाटे, आणि त्या एकदम म्हणायच्या, "गप बसनं." म्हणजे तेल गप्प झालं. मग झारा आत जायचा आणि पिवळेधमक वेफर बाहेर यायचे. एकदा मी पैज लावून त्यांच्याआधी "आता काढा" म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं काढले. ते वेफर मी घरी नेऊन चार दिवस चावत होते, संपले नाहीत.

दुसरा हट्ट गार करण्याचा. तळलेलं काहीही तीन तास उघडं राहिल्याशिवाय डब्यात जात नसे. गरम वस्तू झाकली की घाम धरते आणि मऊ पडते, म्हणून त्या तीन तासांत घरात पंखा लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, दार आपटायचं नाही. यातल्या पहिल्या गोष्टीला कारण असेल, बाकीच्या दोन त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी घातल्या होत्या. दुपारभर चादरीवर पसरलेले वेफर, खिडकीतून आत आलेलं ऊन, आणि त्यांच्या कडेला भिंतीला टेकून बसलेल्या अक्का. मी कॉलेजातून अर्ध्या दिवसानं आले तर तिथे जाऊन बसे. त्या घरात वेळ पुढे सरकत नसे, आणि मला ते फार आवडे.

अशाच एका दुपारी मी गेले तर त्यांनी जमिनीवर बारा रिकाम्या ताटल्या मांडल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या. कोण कुठे बसेल ते चाललं होतं. दोन जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. अक्कांनी त्या दोघींच्या जागी एकच ताटली ठेवली. रविवारी तसंच घडलं. एका ताटलीतून खायचं म्हटल्यावर "तू घे", "नको, तू घे" एवढं तरी बोलावंच लागतं. अक्का लांबून बघत होत्या, आणि त्यांना त्यात नवीन काही दिसत नव्हतं.

आता जुईबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय अक्का पुऱ्या होत नाहीत. जुई ही रंजनाची मुलगी. रंजना म्हणजे अक्कांची एकुलती एक लेक, पुण्यात राहणारी. जुईला दूध चालत नाही. पोट बिघडतं एवढंच असतं तर गोष्ट वेगळी. दुधाचा अंश पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, श्वास अडकतो. आमच्याकडे हे कोणाला पटतच नाही. "दुधानं कोणी आजारी पडतं का?" असं म्हणणाऱ्यांत मीही होते, धुळ्याच्या त्या लग्नापर्यंत.

लग्न माझ्या माहेरच्याच गल्लीत होतं आणि नात्यानं अक्कांकडचंही. जुई तेव्हा चार वर्षांची. रंजनानं आचाऱ्याला दोनदा विचारलं, "बट्टीत दूध आहे का?" तो म्हणाला, "ताई, थेंब नाही." खरंच नव्हता. त्यानं बट्टी तळल्यावर तुपात बुडवून काढली होती, कारण पाहुण्याला कोरडी बट्टी वाढायची म्हणजे त्याचा अपमान. तूप म्हणजे दूध, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. माझ्याही आलं नसतं. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. पोर वाचली. आचारी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होता, आणि अक्का त्याच्याशेजारी बसून त्याची पाठ चोळत होत्या.

तेव्हापासून जुईबरोबर तिचा डबा आला. लग्न असो, वाढदिवस असो, तिचं खाणं वेगळं. अक्का एकदा पुण्याला जाऊन आल्या. मग एके दिवशी वेफर चाळता चाळता म्हणाल्या की सोसायटीत कोणाचा तरी वाढदिवस होता, सगळी पोरं केकभोवती, आणि जुई भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसून डबा खात होती. "भिंतकडे तोंड करीसन," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांना एवढंच हवं होतं की एकदा तरी पोरीनं डब्याशिवाय यावं आणि सगळ्यांच्या परातीतलं खावं. दुसरं काही मागणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

जुई आठ वर्षांची झाली त्या डिसेंबरात ठरलं की तिचा वाढदिवस आबांच्या शेतात, भरीत पार्टीतच करायचा. रंजनानं फोनवर एक लांबलचक यादी पाठवली, 'व्हेगन पार्टी स्नॅक्स' अशा नावाची. अक्कांनी ती मला कागदावर उतरवून वाचायला लावली. काजूचं चीज, सोयाचं दही, आणखी कसकसली फळं. मी सांगितलं, व्हेगन म्हणजे ज्यात दूध, दही, तूप, लोणी काहीच नाही, सगळं झाडाझुडपांचं. अक्का म्हणाल्या, "मंग वेफर, शेव, बिबडा, फुणका, कळण्यानी पुरी. बठ्ठं आपलंच शे की." यादी घडी करून शेवेच्या डब्याखाली गेली. खरंच, सगळं आपलंच होतं. आमच्या खाण्यात दूध फारसं कुठे नसतंच, शेवटच्या क्षणी मायेनं सोडलेली तुपाची धार तेवढी असते.

ती धार सुटू नये म्हणून अक्कांनी घर रिकामं केलं. दूध, दही, तूप सगळं माझ्या फ्रीजमध्ये आलं. चहा कोरा. देव्हाऱ्यात निरांजनासाठी तुपाची वाटी असायची, ती मात्र राहिली. देवाला कोरं कसं ठेवायचं, असं त्या म्हणाल्या आणि मलाही ते पटलं.

बुधवारी सकाळी तळण सुरू झालं. कॉलेजला जाण्याआधी केळी सोलून द्यावीत म्हणून मी गेले. दारातच थांबले, कारण अक्का कढईसमोर उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड असं निवांत होतं की हाक मारवेना. कढई नुकती चढलेली. त्यांनी डोळे अर्धवट मिटले, वळल्या, देव्हाऱ्यातल्या वाटीतून चमचाभर तूप घेतलं आणि तेलात सोडलं. कढई चढली की पहिला चमचा तुपाचा, हा अग्नीचा मान. त्यांच्या माहेरची रीत. साठ वर्षं त्यांचा हात तेच करत आला होता. त्यांनी चमचा पदराला पुसला, जागेवर ठेवला आणि माझ्याकडे बघून हसल्या. "ये. किसणी दे."

मी किसणी दिली.

पाहिलं होतं, पण आपण चुकीचं पाहिलं असेल असं मला वाटून घ्यायचं होतं. शिवाय अक्कांना चूक दाखवायची कोणी? मी कॉलेजात गेले आणि दिवसभर पुस्तकं चुकीच्या कपाटात लावत बसले. पाच वाजता परतले तेव्हा चादर भरून वेफर, शेवेची चवड, आणि भिंतीला टेकलेल्या अक्का. त्या रविवारात होत्या. "जुई दोन्ही हात भरीसन घेई," त्या सांगत होत्या, "नि रंजना म्हनी, हळू खा."

मी सांगून टाकलं.

अक्का म्हणाल्या, "नही." मग उठून देव्हाऱ्यापाशी गेल्या. थंडीनं तूप थिजलेलं होतं आणि त्यात चमच्याचा खळगा स्वच्छ उमटला होता. निरांजन त्या बोटानं भरायच्या, चमच्यानं कधीच नाही. परत येऊन माझ्यासमोर बसल्या.

"सकायले का नही सांगं?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मन्हा हात मन्हं आयकत नही आते," त्या हलकेच म्हणाल्या. आणि मग एकेक सांगू लागल्या. दोनदा गॅस चालू राहिला होता. एकदा तलावावरून परत येताना घराची गल्ली सापडली नव्हती, अर्धा तास फिरत होत्या. मला त्या अलीकडे रंजना म्हणून हाक मारायच्या, मी ते मायेचं समजत होते. रंजना वर्षभर मागे लागली होती की आई, एकटी राहू नकोस, पुण्याला चल. अक्का टाळत होत्या. त्यांचं सगळं इथे होतं, गच्ची, कढई, पुढच्या डिसेंबरची माणसं. हे तुपाचं कळलं की रंजना त्यांना एक दिवसही इथे ठेवणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

"रंजनाले सांगू नको," त्या म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

ते वेफर आणि शेव गल्लीभर वाटली. त्यात वाईट काहीच नव्हतं, फक्त एका पोरीला चालणारं नव्हतं. लोखंडी कढईनं तूप प्यायलं, ते घासून जाणार नाही, असं अक्कांचं म्हणणं. समोरच्या रेहानाभाभींच्या घरचं लोखंडी भांड्यांचं दुकान. वाटीभर शेव हातात घेऊन त्यांनी सगळं ऐकलं आणि गुरुवारी सकाळी कोरी कढई घेऊन दारात. "अक्का, नयी है. किसीने हाथ नहीं लगाया." स्वतःच्याच अंगणात तेल आणि बटाट्याच्या साली जाळून त्यांनी ती तयारही करून दिली होती.

मग अक्कांनी जे केलं ते मी विसरणार नाही. ज्या बाईनं कोणाला चुलीजवळ फिरकू दिलं नाही, तिनं माझ्यासाठी पाट मांडला. तुपाची वाटी माझ्या घरी पाठवली आणि निरांजनात तेल घातलं. मला म्हणाल्या, "तू काही करू नको. मन्हा हातकडे देख."

मी तीन दिवस रजा काढली आणि त्यांच्या हातांकडे बघत बसले. केळी सोलणारे, पिठात पाणी शिंपडणारे, कळण्याचा गोळा तळव्यावर फिरवणारे हात. इतकं कोणाकडे मी कधी बघितलं नव्हतं, नवऱ्याकडेसुद्धा. गुरुवारी त्या डोळे उघडे ठेवून तळत होत्या आणि वेफर जरा जास्त लाल येत होते. शुक्रवारी मी म्हटलं, "अक्का, मिटा डोळे. मी आहे ना." त्यांनी मिटले. त्या दुपारी तेलाचा गलका, खिडकीतलं ऊन आणि त्यांच्या ओठांवरचं हसू यांत मलाही कुठेतरी रविवार दिसला. शपथेवर सांगते, दिसला. शनिवारी संध्याकाळी शेवटच्या पुऱ्या गार झाल्या आणि डबे बंद झाले.

रविवारी धरणगावच्या शेतात काड्यांचा धूर उठला होता, शेजारच्या केळीच्या बागेवर तो रेंगाळत होता. सतरंज्या पसरल्या, माणसं बसली. जुई आईचा हात धरून उभी, दुसऱ्या हातात डबा. परात समोर आली तशी ती सवयीनं मागे सरकली. रंजनानं अक्कांना बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"आई, नक्की ना? देऊ ना तिला?"

नक्की, एवढंच म्हणायचं होतं. खोटंही झालं नसतं. अक्कांनी एकदा सतरंजीकडे पाहिलं, जुईकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बुधवारले मन्हा हातनं तेलमा तूप पडनं. मले समजनं बी नही. ते बठ्ठं वाटी टाकं. नवी कढई, नवं तेल. मन्हावर भरोसा ठेवू नको, रंजना. शैलानी देखेल शे बठ्ठं. तिले इचार."

रंजनाचा चेहरा उतरला. तुपाचं तिला कळलंच, पण त्यामागचंही सगळं कळलं. अक्कांनी नजर वळवली नाही. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "ताई, तुम्ही सगळं पाहिलंत?"

"गुरुवारपासून एक घाणा माझ्या नजरेआड झालेला नाही," मी म्हटलं.

रंजनानं पर्समधल्या औषधावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं जुईचा डबा काढून घेतला. जुईनं एक वेफर उचलला. आम्ही तिघी उभ्या होतो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. जुईनं मान वर केली आणि म्हणाली, "शेव पण चालेल?" मला रडू आलं. अक्का रडल्या नाहीत.

माझ्या आईला धुळ्यात बरं नव्हतं, म्हणून मला दुपारच्या बसनं निघायचं होतं. पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा शेजारच्या दाराला कुलूप होतं. रंजना अक्कांना घेऊन पुण्याला गेली होती. फोनवर त्या बोलायच्या, नंतर नंतर मी कोण ते त्यांना आठवेना. दोन वर्षांनी त्या गेल्याची बातमी आली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच, शेताच्या बांधावरून.

पंगत बसली होती. अक्काही बसल्या होत्या, मधेच कुठेतरी, आबांच्या शेजारी, मांडी घालून. वाढायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. जुई पुऱ्यांची परात पोटाशी धरून ओळीतून चालली होती, वाकून एकेकाला विचारत होती. परात तिला जड होत होती, पण ती कोणाला हात लावू देत नव्हती. अक्कांसमोर येऊन ती थांबली. काय म्हणाली ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. अक्कांनी दोन्ही हातांनी ताट पुढे केलं, आणि जुईनं त्यांना वाढलं.